बहिरूच्या वाड्याचा ठावठिकाणा

६ नोव्हेंबर २०२३ रोजी गोकुळ मेंगडे याच्या बचत खात्यातून ३,५४० रुपये गेले. तीन हजार भाडं आणि वर अठरा टक्के जीएसटी, सलग तिसऱ्या वर्षी. पावती त्याने छापून घेतली, भोक पाडून फाईलला लावली आणि मग विचार करत बसला, की हे भाडं नेमकं कशाचं? गाळ्याचं भाडं दिलं तर शटर तरी दिसतं. ट्रॅक्टरचं दिलं तर नांगरट दिसते. हे भाडं कुठल्याशा लांबच्या खोलीत ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्याचं होतं, आणि तो कोपरा गोकुळने काय, ज्या आरती डुंबरेने तो भाड्याने घ्यायला लावला तिनेही कधी पाहिलेला नव्हता.

न पाहिलेल्या गोष्टीवर गोकुळचा विश्वास बसत नसे. पाहिलेल्यावरही बेतानेच बसे.

जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्यात तो दूध संस्थेचा सचिव होता. नाव गोकुळ, त्यामुळे दुधाशिवाय दुसरं काय करणार, ही थट्टा ऐकत त्याचे केस पांढरे झाले. सकाळ-संध्याकाळ माणसं कॅन घेऊन संस्थेच्या खिडकीपाशी रांगेला लागायची आणि गोकुळ प्रत्येक कॅनचा नमुना घ्यायचा. पाणी घातलेलं दूध सापडलं तरी ‘पाणी घातलंय’ असं तो कधी म्हणाला नाही. ‘आज डिग्री लागली नाय’ एवढंच म्हणायचा आणि कॅन बाजूला सरकवायचा. समोरचा काय समजायचं ते समजायचा. त्याचा नियम एकच होता. तपासल्याशिवाय कुणाचं दूध परत करायचं नाही, आणि तपासणीत नापास झालं तर सख्ख्या भावाचंही घ्यायचं नाही. भावाचं त्याने एकदा परत केलं होतं. पुढचे दोन पोळे भाऊ घरी आला नाही.

मशीन आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता गोकुळची संशयखोरी संपली. काचेत आकडा दिसतो, भांडण कशाला? पण एका बड्या गोठेवाल्याचं दूध रोज पास व्हायचं आणि तरी गोकुळला ते दूध पटायचं नाही. आकडे बरोबर, वास बरोबर, पण रोजचे आकडे सारखेच. गाय काही टाकसाळ नाही, असं तो मनाशी म्हणाला आणि एक दिवस न सांगता धार काढायच्या वेळेला गोठ्यात जाऊन उभा राहिला. गोठ्यातलं दूध पातळ होतं. घरी पाणी वाढवून त्यात पावडर कालवायची आणि मशीनला जो आकडा आवडतो तो दाखवायचा, असा कारभार होता. तेव्हापासून गोकुळच्या तोंडी एक वाक्य बसलं. ‘दूध खिडकीवर न्हाई कळत, गोठ्यात कळतं.’

आता त्या भाड्याच्या कोपऱ्याचं. तालुक्यातल्या शेतकऱ्यांचे व्हॉट्सॲपचे ग्रुप होते, पण त्यात सुप्रभात आणि भांडणं यांच्या खाली बाजारभाव गाडला जायचा. फेसबुकवरचं एक पान होतं, तर ज्याने ते काढलं त्याने ते परस्पर एका औषध कंपनीला विकून टाकलं. तेव्हा आरतीने हा मार्ग काढला. ती ओतूरला ई-सेवा केंद्र चालवायची. तिने सांगितलं, असं एक जाळं आहे की जे कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. ज्याने त्याने आपली जागा थाटायची, आपले नियम करायचे, आपली माणसं बसवायची. अशा हजारो जागा आहेत आणि त्यांच्यामध्ये वाटा आहेत. नाशिककडचा द्राक्षवाला आपल्या जागेवर बसून आपलं बोलणं वाचू शकतो, आपल्याला उत्तर देऊ शकतो. एखादी वाट नको असेल तर ती बंद करायची, तेवढं आपल्या हातात असतं.

जागेचं नाव ठेवलं ‘खळं’. जुन्नर-आंबेगावातले अडीचशेच्या आसपास शेतकरी खळ्यावर आले. टोमॅटोचा भाव, दुधाचा दर, कालव्याच्या पाण्याची पाळी, आणि बिबट्या. बिबट्या कुणाच्या उसात दिसला, कुणाचं कुत्रं गेलं, हे खळ्यावर दहा मिनिटांत कळायचं. कारभाराला तिघं होती. तांत्रिक बाजू आरतीकडे, पैसे गोकुळकडे, आणि बोलायला निमगाव सावाचा भगवंत. भगवंत कांदेवाला, बोलण्यात पक्का, आणि खळ्यावरची निम्मी माणसं त्यानेच गोळा करून आणली होती. एखादी वाट बंद करायची तर तिघांपैकी दोघांचं मत लागे.

दिवाळीच्या तोंडावर आरतीने एक वाट बंद केली आणि नंतर मत घ्यायला डेअरीत आली. सकाळचं संकलन संपलं होतं. भगवंत कामाला ओतूरला आला होता, तिथून तोही येऊन बसला.

“कुणाच्या सांगण्यावरून बंद केली?” गोकुळने विचारलं.

“कुणाच्या नाही, भाऊ. वाचून केली.” आरतीने फोन पुढे धरला. “‘भूमिरक्षा’ नावाची जागा आहे. त्यांच्या पाटीवरच लिहिलंय बघा. ज्याचा सातबारा नाही त्याला मत नाही, पाणी नाही, मुक्काम नाही.”

“पाटीवर लई जण लई काय लिहित्यात. आपल्या खळ्यावर येऊन काय वंगाळ बोलले?”

आरतीने फोन खाली घेतला. अडचण तीच होती. भूमिरक्षाची जी माणसं खळ्यावर बोलायची ती गोड बोलायची. देशी गाईला कोणता पाला घालावा, बिबट्यापासून वासरू कसं राखावं, कांदा कधी काढावा. शिवी नाही, वाकडा शब्द नाही. खळ्यावरचे चाळीसेक जण त्यांचं रोज वाचत होते.

“आपल्याकडं नाही बोलले अजून,” ती म्हणाली. “पण दुसऱ्या तीस-चाळीस जागांनी त्यांना बंद केलंय. काल नाशिकच्या जागेवाल्यांनी मला विचारलं, तुम्ही अजून उघडं कसं ठेवलंय? तुमच्या वाटेनं ते आमच्यात येणार असतील तर आम्हाला तुमचीही वाट बंद करावी लागेल.”

गोकुळच्या डोक्यात पाल चुकचुकली ती इथे. हा प्रकार त्याला चांगला ठाऊक होता. एक नासकं कॅन कूलरमध्ये ओतलं की सगळा टँकर फाटतो, म्हणून शीतकरण केंद्र एका कॅनपायी अख्ख्या गावाचं दूध परत पाठवतं. ते खरंच आहे. पण दूध जास्त झालं की हेच कारण पुढे करून चांगला टँकरही परत पाठवलेला त्याने पाहिला होता. मग नाशिकवाल्यांचं कारण खरं कशावरून? आणि आरतीचं तरी? तिचा चुलता झेडपीला उभा राहणार अशी कुजबुज होती. भूमिरक्षावाले त्या चुलत्याच्या विरोधातल्या पार्टीचे असले तर?

“याला वाळीत टाकनं म्हन्त्यात,” भगवंत पान जुळवत म्हणाला. “कायदा झालाय त्याच्यावर. आत टाकत्यात आता. आपल्याला कशाला पायजे राव ते? बोलंना का कोन काय बोलायचं ते.”

“वाळीत टाकणं म्हणजे माणसाचं पाणी तोडणं, भगवंतभाऊ. त्यांची जागा त्यांच्याकडं आहे. तिथं त्यांनी काय पाहिजे ते बोलावं. आपण आपलं दार लावतोय.”

“आज त्यांच्यावर लावलं, उद्या माझ्यावर लावशील.”

“उद्या तुम्ही असं बोललात तर लावीन.”

“ऐकलं का, गोकुळभाऊ? आत्ताच लावायला लागली.”

गोकुळ हसला नाही. “आरती, मला नमुना दे,” तो म्हणाला. “आपल्या खळ्यावर त्यांनी घातलेलं एक तरी वाईट बोलणं दाखव. नुसतं दुसऱ्यांनी परत केलं म्हणून आपण परत करायचं, ही पद्धत न्हाई आपली.”

नमुना नव्हता. गोकुळचं मत भगवंतच्या बाजूने पडलं. आरतीने तिथेच बसून वाट पुन्हा उघडली. वाद घातला नाही. जाताना एवढंच म्हणाली, “ठीक आहे भाऊ. तुमच्या नियमानं.” त्यातही गोकुळला टोमणा ऐकू आला.

भाऊबीज झाली आणि बहिरूचा वाडा आला.

वाडा म्हणजे इथे घर नव्हे. पारनेरकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन माळशेज घाटाने कोकणात उतरतात. वाटेत ज्याचं वावर मोकळं असेल त्याच्याकडे जाळी लावून रात्रीची मेंढरं बसवतात. त्याला वाडा बसवणं म्हणतात. मेंढरांच्या लेंडी-मुताने जमीन कस धरते, शेतकरी रात्रीच्या हिशेबाने पैसे देतो. दर रात्री जाळी थोडी पुढे सरकवायची, म्हणजे खत सगळ्या वावराला लागतं. सोयाबीन निघालेलं असतं, कांद्याची लागण व्हायची असते, त्यामुळे या दिवसांत वाड्यासाठी शेतकऱ्यांची ओढाओढ चालते. बहिरू अकरा वर्षं गोकुळच्या वावरात येत होता. सोबत बायको साळुबाई, सून, दोन नातवंडं, तीन घोडी आणि कुत्री. मुलगा पुढे घाटाकडे चाऱ्याचा अंदाज घ्यायला गेलेला असे.

अकरा वर्षांत गोकुळने एकही वर्ष मेंढरं मोजायची सोडली नव्हती. तीनशे म्हणून अडीचशेच आणली तर? संध्याकाळी मेंढरं जाळीत शिरताना तो बांधावर उभा राहून बोटं मुडपायचा.

“मोजा, भाऊ, मोजा,” साळुबाई चुलीपाशी बसून म्हणायची. “मोजून लेंडी वाढती का बघा.”

“त्याला माणसं मोजायची बी सवय हाय,” गोकुळची बायको जया चहाची किटली घेऊन आलेली असे. “लग्नात पंगत उठली की पत्रावळ्या मोजतो.”

यंदाचा दर रात्रीला सहाशे ठरला. चार रात्री. पहिल्या दिवशी गोकुळने पाचशे हातावर ठेवले, बाकीचे निघताना. आणि त्याच संध्याकाळी, गेली दोन वर्षं करायचा तसं, त्याने खळ्यावर लिहिलं: ‘बहिरूचा वाडा आजपासून माझ्या वावरात, डिंगोरे, ओढ्याच्या वरच्या अंगाला. चार रात्री. पुढची पाळी कुणाला पाहिजे?’ पूर्वी यासाठी गावोगाव निरोप जायचे आणि दोघांनी एकाच दिवसाचा शब्द दिला म्हणून भांडणं व्हायची. खळ्यामुळे ते मिटलं होतं. वाड्याची पाळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरायची.

उत्तरं भराभर आली. मेंढरं किती? शेळ्या आहेत का सोबत? रात्रीचा काय दर? गोकुळ एकेकाला उत्तर देत गेला. विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायचं ही त्याची जन्माची शिस्त. त्यात एकाने विचारलं, ‘छान उपक्रम. सोबत माणसं किती आहेत?’ गोकुळने लिहिलं, ‘पाच. त्यात दोन लेकरं. कर्ता पुरुष एकच.’

तिसऱ्या दिवशी सकाळी धारेचं दूध घेताना त्याचा हात मध्येच थांबला. वाडा बसवणारा शेतकरी मेंढरं किती ते विचारतो. शेळ्या विचारतो, दर विचारतो. माणसं किती, हे अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. माणसांची लेंडी थोडीच पडते.

“सचिव, आमचं कॅन धरून ठेवलंय का राखी बांधताय?” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

संकलन उरकून त्याने संस्थेच्या कॉम्प्युटरवर ते उत्तर पुन्हा काढलं. विचारणारा भूमिरक्षाचा होता. गोकुळने त्याचं खळ्यावरचं आधीचं सगळं बोलणं वाचलं. गोड, स्वच्छ, उपयोगी. एकही डाग नाही. रोजचे आकडे सारखेच.

मग गोकुळ गोठ्यात गेला. म्हणजे खळ्यावर बसून त्यांचं जे बोलणं यायचं ते सोडून, थेट भूमिरक्षाच्या जागेवर. ती सगळ्यांना उघडी होती. तिथे ती माणसं आपसात काय बोलतात हे वाचायला कुणाची परवानगी लागत नव्हती. आरती ज्या दिवशी फोन पुढे धरून बसली होती त्या दिवशीही लागली नसती.

पहिलंच चित्र त्याच्या ओढ्याचं होतं. नकाशा, त्यावर लाल टिंब, खाली त्याचंच वाक्य जसंच्या तसं. ‘चार रात्री.’ त्याच्याखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘बिबटे आणणारे इथे आहेत. पुरुष एकच.’ खळ्यावर आलेल्या बिबट्याच्या बातम्या तारखेवार लावल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या जवळपासचा एकेक मुक्काम शोधून जोडला होता. कुठे ऊसतोड्यांची पाचटाची कोपी, कुठे वीटभट्टी, कुठे वाडा. मेंढरांच्या वासाने बिबट्या मागे येतो हे खरं आहे, आणि त्याची पहिली झळ वाड्यालाच लागते हेही खरं आहे. साळुबाईचं एक कुत्रं मागच्या साली गेलं होतं. ते तिथे कुणी लिहिलं नव्हतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, कधी निघायचं, किती जण लागतील. आणखी खाली दुसऱ्या कुठल्यातरी तालुक्यातला एक फोटो होता. मोडलेल्या कोप्या, सांडलेलं पीठ, चिखलात एक लहान चप्पल. त्यावर शेकडो माणसं हसली होती.

गोकुळने आरतीला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, “मी पोलिसांना कळवते. तुम्ही त्यांना आधी हलवा.” ‘मी सांगितलं होतं’ असं ती म्हणाली नाही. तिने म्हणावं असं गोकुळला वाटत होतं.

तो बाहेर पडायला आणि खिडकीपाशी मोटारसायकल थांबायला एकच गाठ पडली. दोन पोरं होती, पंचविशीची, स्वच्छ कपड्यातली.

“पावणं, मेंगड्यांचं वावर कुठं आलं?”

“कोणते मेंगडे? निम्मं गाव मेंगड्यांचं हाय.”

“ते वढ्याच्या वरचं. वाडा बसलाय तिथं.”

“मेंढरं घ्यायचीत का?”

“हां. बघायचीत.”

“नर का माद्या?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “बघू की. असंच चार-पाच.”

“काय भावानं घेताय?” गोकुळने पेन काढलं, जणू लिहूनच घेणार होता. “आमच्या गावात दोघा-तिघांना इकायचीत, म्हनून इचारतो.”

मागे बसलेल्याच्या हातातला फोन उघडा होता आणि त्यावर नकाशा होता.

“आत्ता काय सापडायचे न्हाईत ते,” गोकुळ म्हणाला. “मेंढरं डोंगराला चरायला गेलीत. दिवस मावळताना या. च्या पिऊन जा, समोर चांगला मिळतो.”

पोरं चहाच्या टपरीकडे वळली. गोकुळने डेअरीला कुलूप लावलं. पैशाची पेटी आत होती. आठवड्याचा हिशेब वाटायचा म्हणून त्या दिवशी ती भरलेली होती. त्याच्या स्वतःच्या खिशात चाळीस रुपये होते.

बहिरू बांधावर बसून जाळीची तुटलेली गाठ बांधत होता. मेंढरं खरोखरच डोंगराला होती, सुनेबरोबर. गोकुळने जे पाहिलं ते सांगितलं. बहिरूने हातातली गाठ पुरी केली.

“दोनच राती झाल्यात, भाऊ,” तो म्हणाला. “चार ठरल्या व्हत्या.”

“अरे, पैशाचं न्हाई बोलत मी.”

“मागं एकानं असंच सांगितलं. पाटील येनार, भांडनं व्हनार, उठ. उठलो. मग कळलं, त्याला पाच रातीचं पैसं चुकवायचं व्हतं.” बहिरूने मान वर केली. “तुमी तसं न्हाई म्हना. पन तुमी मेंढरं मोजता. म्हंजी तुमचा इस्वास न्हाई. मंग माझा कसा बसावा?”

अकरा वर्षांत गोकुळला हे कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. त्याने फोन काढून तो चिखलातला फोटो दाखवला. बहिरूने पाहिला. साळुबाईने वाकून पाहिला आणि ती नातवंडांना हाका मारायला उठली.

“आमी हितं हाय, हे त्यास्नी कुनी सांगितलं?” बहिरूने विचारलं.

“मी,” गोकुळ म्हणाला. “मीच लिवलं व्हतं.”

“आन पुरुस एकच हाय, ते?”

“ते बी मीच.”

बहिरू उठला. जाळी गुंडाळायला लागला. गोकुळने दुसरं टोक धरलं. घोड्यांवर भांडी, पालाचं कापड, कोंबड्यांची पाटी चढली. जयाने भाकरी बांधून दिल्या. डोंगरातून मेंढरं खाली न आणता वरच्या वरच, रस्ता सोडून, जंगलाच्या कडेने काढायचं ठरलं. निघताना गोकुळ म्हणाला, “दोन रातीचे बाराशे. पाचशे दिलेत. बाकीचे आत्ता घरात न्हाईत.” जयाने त्याच्याकडे पाहिलं. पेटीत होते, हे तिला ठाऊक होतं. पण पेटीतले पैसे संस्थेचे होते, आणि गोकुळने तासाभरासाठीसुद्धा पेटीला कधी स्वतःसाठी हात लावला नव्हता. त्याही दिवशी लावला नाही.

“ऱ्हाऊ द्या,” बहिरू म्हणाला. त्याने पाठ फिरवलेली होती.

दिवस मावळताना तीन मोटारसायकली आणि एक जीप आली. पोलिसांची गाडीही त्याच सुमाराला पोहोचली. माणसं शांत उभी होती. मेंढरं विकत घ्यायला आलो होतो म्हणाली, नावं दिली, हात जोडले. हातात काही नव्हतं, जीपमध्ये दांडकी होती आणि ती ‘तंबूची’ होती. मोकळ्या वावरात उभं राहण्याचा गुन्हा लागत नाही. पोलिसांनी त्यांना समज देऊन परत पाठवलं. जाण्याआधी त्यातल्या एकाने विझलेल्या चुलीचा फोटो काढला. गोकुळ घरी पोहोचायच्या आत तो भूमिरक्षावर चढला. खाली लिहिलं होतं, ‘डिंगोरे साफ.’

गोकुळने आपल्या गावाचं नाव असं कधी वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघांचं पुन्हा बोलणं झालं. या वेळी फोनवरच.

“तपासलं का पन नीट?” भगवंतने विचारलं. त्याच्या आवाजात मागची खोच होती.

“गोठ्यात जाऊन आलो,” गोकुळ म्हणाला. “खिडकीवर पावडर घालून आनत व्हते.”

“बंद करून काय व्हनार? ते तिकडं बोलायचं थांबनारेत का?”

“ते नाही थांबणार,” आरती म्हणाली. “आणि उघडं लिहिलेलं कुणी बाहेरून येऊन वाचायचं म्हटलं तर वाचेलच, तेही पूर्ण थांबत नाही. पण आज आपण जे लिहितो ते आपणच त्यांच्या घरी पोचवतोय, आणि त्यांची माणसं आपल्यात येऊन आपल्यासारखी बसतायत. लोक त्यांना खळ्यातलेच समजतात. भाऊंनी समजून उत्तर दिलं. तेवढं थांबेल.”

“माझी मानसं ओरडनारेत,” भगवंत म्हणाला. “पन घ्या माझं बी मत.” तिसरं मत लागत नव्हतं, तरी त्याने दिलं. वाड्याची पाळी आता फक्त खळ्यावरच्या ओळखीच्या माणसांनाच दिसेल असंही ठरलं, आणि ठिकाण न लिहिता ते फोनवर विचारायचं. नाशिकवाल्यांनी आपली वाट उघडी ठेवली.

माणसं ओरडली. एकवीस जण खळं सोडून गेले. कुणी लिहिलं, खळं विकलं गेलं. कुणी लिहिलं, आरतीच्या चुलत्याने सचिवाला मॅनेज केलं. एक दिवस रांगेत कॅन खाली ठेवता ठेवता एकाने हसत विचारलं, “सचिव, किती भेटले म्हनायचे?” गोकुळने त्याच्या दुधाचा नमुना घेतला, आकडा सांगितला, पास केलं. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या कॅनकडे बघत आला त्याच्या कॅनकडे आता गाव बघत होतं, आणि त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. मशीनमध्ये घालून दाखवता येईल असा नमुना त्याच्याकडेही नव्हता.

सोडून गेलेल्यांपैकी पाच जण रोज डेअरीला दूध घालतात. त्या दिवशी टपरीवर बसलेल्या पोरांशी यांच्यातलं कुणी बोललं का, ओढ्याची वाट कुणी दाखवली, हे गोकुळला कळलेलं नाही. नकाशा होता, दाखवायची गरज नव्हती, असं तो स्वतःला सांगतो. पण त्या पाचांचे कॅन समोर आले की तो झाकण उघडायच्या आधी एकदा माणसाच्या तोंडाकडे पाहतो. त्यांचं दूध अजून एकदाही नापास झालेलं नाही.

जूनमध्ये मेंढपाळ कोकणातून परत वर चढले. बाकीचे वाडे डिंगोऱ्यावरून गेले. बहिरू आला नाही. गोकुळने एका मेंढपाळाला विचारलं, तर तो म्हणाला, “त्यो औंदा दुसऱ्या घाटानं गेला.” कोणत्या घाटाने, हे त्याने सांगितलं नाही, आणि गोकुळनेही पुढे विचारलं नाही. बहिरूचा फोन लागत नाही. पुढच्या दिवाळीनंतर गोकुळच्या वावरात दुसऱ्याच एकाचा वाडा बसला. संध्याकाळी मेंढरं जाळीत शिरली तेव्हा गोकुळ बांधाकडे गेला नाही, घराच्या ओट्यावर बसून राहिला. जयाने विचारलं, मोजायची न्हाईत का? तो म्हणाला, असतील तेवढी असतील.

बहिरूचे सातशे रुपये द्यायचे राहिले आहेत.